पपई क्लबाची स्थापना आणि खाल्लेली सीमारेषा

तुमच्या क्लबाच्या भिंतीवर म्हणे लाकडी पाट्या आहेत. कुठल्या साली कोण कप्तान होतं, कोणी किती गोल मारले, सगळं सोनेरी अक्षरांत. धाकटीने मला फोनवर त्या पाट्या एकेक करून दाखवल्या आणि विचारलं, "आजी, तुमच्या क्लबाचा इतिहास कुठे लिहिलाय?" आमच्या क्लबाला भिंत नाही. पाटी टांगायला एक कडुनिंब आहे, पण तो शाळेचा. तेव्हा मी हा इतिहास कागदावर लिहिते आहे. समास सोडला आहे, पानांवर आकडे घातले आहेत, नीट क्रमाने वाचा.

इंग्रजीत लिहिता आलं असतं. चौतीस वर्षं तेच शिकवलं. पण आपल्या गावची माणसं इंग्रजीत बोलायला लागली की खोटी वाटतात. म्हणून मराठीत. तुमच्या आईने वाचून दाखवावं, आणि वऱ्हाडी बोलणं आलं की मेलबर्नमध्ये बसून लाजू नये.

सुरुवात तुमच्यामुळेच झाली. मागच्याच्या आधीच्या डिसेंबरात तुम्ही आलात आणि जाताना तो लांबट लाल चेंडू माझ्या कपाटावर विसरून गेलात. मी तो पुसला, पिशवीत घातला आणि पिशवीवर चिठ्ठी लावली: 'नातवंडांचा चेंडू. हवा भरू नये.' आमच्या कप्तानाने तो पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

तेव्हा ती कप्तान नव्हती. मानोऱ्याला एका केंद्रात लोकांचे दाखले नि अर्ज भरून द्यायची, आणि माझे पेन्शनचे कागद घरी येऊन मोबाइलवर भरून द्यायची. वय तेवीस, पोलीस भरतीची तयारी चाललेली, दोनदा लेखी परीक्षेत पास आणि दोनदा धावण्यात नापास. आठशे मीटर पळायचं असतं. काही सेकंदांनी राहायचं. यंदा तिची शेवटची खेप होती, कारण तिच्या बापाने तिला तीनच संधी दिल्या होत्या. बाप कडक होता असं नाही. तीन हा आकडा त्याला सगळ्याच बाबतींत पुरेसा वाटायचा.

"बाई, हे पपई इतकी कडक कशी?" तिने चेंडू दाबून विचारलं.

मी सांगितलं की ही पपई नव्हे, ऑस्ट्रेलियातला फुटबॉल आहे. ती म्हणाली, "मंग गोल काहून नाई?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.

तिने तो चेंडू मागून नेला. नुसतं पळायचा कंटाळा येतो, हातात काही असलं की पाय चालतात, असं तिचं म्हणणं. पण पळायचं कुठे, हाच तर प्रश्न होता. सकाळी पाणी भरून ती सातच्या एसटीने मानोऱ्याला जाई. रस्त्यावर मुरमाचे टिप्पर आणि त्यांच्या मागे लागणारी कुत्री. उरलं शाळेमागचं मैदान, तेही संध्याकाळचं, आणि संध्याकाळी तिथे क्रिकेट. ती आणि तिच्याबरोबर पळणाऱ्या चार मुली कडेकडेने नालीजवळून फेऱ्या मारत आणि क्रिकेटवाले ओरडत, "ओ पी. टी. उषा, बाजूले व्हा, चौका येऊन राह्यला!" एकदा चौका खरोखरच आला आणि एकीच्या पाठीला लागला. तेव्हा कप्तानाने गांधी जयंतीच्या ग्रामसभेत मैदानाचा विषय काढला.

ग्रामसभेला मी दरवेळी जाते. सरपंचबाई माझी विद्यार्थिनी. इंग्रजीत दोनदा नापास झाली होती, पण आता बैठकीचं इतिवृत्त मीच लिहावं असा तिचा आग्रह असतो, कारण माझं अक्षर तिला वाचता येतं. इतरांचं वाचता येत नाही असं ती म्हणते. मला वाटतं तिला मला कामाला लावायचं असतं.

कप्तान उठून म्हणाली, "आमाले संध्याकायचं मैदान पायजे. हप्त्यातले तीन दिवस."

क्रिकेट संघाचा म्होरक्या तिथेच बसला होता. तो त्यांचा वेगवान गोलंदाज. त्याला मी इथे गोलंदाजच म्हणेन. उंच, देखणा, आणि आपण उंच नि देखणे आहोत हे पाठ असलेला. तो म्हणाला, "मैदान खेळासाठी हाय, संघासाठी हाय. पळनं हा काई खेळ हाय का? आमची म्हैस बी पळते."

सभा हसली. कप्तानाचे कान लाल झाले. ती म्हणाली, "आमचा बी क्लब हाय."

"कायचा?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पपईचा."

आमच्या क्लबाची स्थापना ही अशी. तुमच्या पाटीवर संस्थापकांची नावं असतील. आमच्याकडे फक्त कान लाल झालेली एक मुलगी होती.

सरपंचबाईने मला विचारलं, "बाई, खरं हाय का हे?"

मी आयुष्यात खोटं बोलले नाही, निदान इतिवृत्त लिहिताना तरी नाही. मी म्हटलं, "चेंडू खरा आहे."

सरपंचबाई हुशार आहे. इंग्रजी सोडून सगळं तिला कळतं. तिने निकाल दिला: हे साल संपायच्या आत या पपईवाल्यांनी बाहेरगावच्या संघाशी याच मैदानावर एक पुरा सामना खेळून दाखवावा. जिंकले-हरले तरी चालेल, पण सामना पुरा झाला पाहिजे. झाला तर रविवार, मंगळवार, गुरुवार मैदान त्यांचं. नाही झाला तर सगळे दिवस क्रिकेटचे, आणि पळणाऱ्यांनी नालीकडेही फिरकायचं नाही. मी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

बाहेर पडल्यावर कप्तान मला म्हणाली, "बाई, आता या खेळाचे नियम काय हायेत ते पाहा बरं लवकर."

नियम मी तुमच्या मामाकडून मागवले, छापून घेतले आणि दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले. तुम्हाला ते ठाऊक आहेत, पण तुमच्या आईला नाहीत, म्हणून थोडक्यात लिहिते. चेंडू लाथेने मारायचा किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. घेऊन पळायचं तर मध्ये मध्ये टप्पा मारायचा. लाथाडलेला चेंडू कोणी वरच्या वर झेलला तर त्याला निवांतपणे मारायला मिळतं. चार डाव. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या उंच खांबांमधून गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तर एक गुण.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चुकलं तरी एक गुण! चौतीस वर्षांत मी चुकीच्या उत्तराला अर्धासुद्धा गुण दिला नव्हता. कप्तानाला मात्र हा नियम फार आवडला. "बाई, असा खेळ पयले पायजे होता. मी तं सगळ्या परीक्षा पास झाली असती."

पुस्तकात एका संघात अठरा खेळाडू लिहिले होते. गावात पपई खेळायला तयार असलेली माणसं नऊ निघाली: पाच पळणाऱ्या मुली, दोन भाऊ जे एरवी मांडव घालायचे, एक न्हावी आणि शाळेचा शिपाई. मग आम्ही ठरवलं की दोन्ही संघ मिळून अठरा झाले म्हणजे नियम पाळला गेला. मांडववाल्यांनी बांबू दिले, खांबांचं काम झालं.

मैदान आखायचं काम कप्तानाच्या बापाकडे आलं. मैदान लांबट गोल पाहिजे असं मी सांगितलं, पाटीवर काढूनही दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे दोन खळे एकामेकाले चिकटवले तं होते तसं." त्याने दोन खुंट्या ठोकल्या, दोर बांधला आणि असा सुरेख अंडाकार काढला की मी थक्क झाले. पण चुन्याच्या फक्कीची रेघ दोन दिवसांत गुरांच्या पायांनी पुसून जाई. तेव्हा तो म्हणाला, मी तिफणीने कायमची रेघ ओढून देतो. बैल जुंपले, तिफण धरली आणि अंडाकारावरून एक फेरी मारली. तीन दात, तीन रेघा. छान दिसलं. मी वहीत लिहिलं, 'सीमारेषा पूर्ण.'

दहा-बारा दिवसांनी सीमारेषा हिरवी झाली.

मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "हरबरा हाय."

"हरभरा कशाला पेरलास?"

"मंग? ऐन पेरनीच्या दिवसात रिकामी तिफन जमिनीतून ओढू का काय? आमच्या घरात असं कोनी केलं नाई." त्याच्या मते हा जमिनीचा अपमान होता. नुसती रेघ ओढून मातीला तसंच सोडून द्यायचं हे त्याच्या मनालाच पटलं नव्हतं, म्हणून त्याने गुपचूप चाड्यात, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीत, दोन ओंजळी हरभरा टाकला होता. वर मला म्हणाला, "बाई, आता कोनाची गुरं येऊ देनार नाई मी तिथं." हे मात्र खरं ठरलं. फक्कीच्या रेघेची राखण कोणी केली नसती. हरभऱ्याची राखण त्याने दोन महिने केली, शाळेच्या टाकीवरून नळी लावून दोनदा पाणी दिलं. जगात कुठे सीमारेषेला पाणी देतात का, हे तुमच्या क्लबात जरूर विचारा.

आता प्रतिस्पर्धी पाहिजे होते. हा खेळ जिल्ह्यात कोणी पाहिलासुद्धा नव्हता. आम्ही व्हॉलीबॉलवाल्यांना विचारलं, खोखोवाल्यांना विचारलं. गोलंदाज त्यांच्याकडे आमच्या आधी पोहोचलेला असे: "पपई फेकाले जाता का बे? हसतीन लोकं." शेवटी मानोऱ्यापलीकडच्या एका तांड्यावरचा कबड्डी संघ तयार झाला. त्यांचा कप्तान विशीतला, मान जाड, हसणं मोठं. त्याची एकच अट: खेळ शिकवायला कोणीतरी यावं.

कोणीतरी म्हणजे मी. चार रविवार मी एसटीने तांड्यावर गेले. बाभळीखाली खुर्ची, समोर नऊ कबड्डीपटू मांडी घालून, हातात मी करून दिलेल्या नियमांच्या प्रती. तिसऱ्या रविवारी लेखी चाचणी घेतली. चौथ्या रविवारी प्रात्यक्षिक. पोरं गुणी होती. परतल्यावर मी कप्तानाला उत्साहाने सांगितलं की नऊच्या नऊ पास झाले आणि त्यांचा कप्तान दोन्ही पायांनी मारतो.

ती म्हणाली, "बाई, तुमी त्याईले सगळंच शिकवलं?"

"मग काय अर्धं शिकवायचं?"

"आमची तुमी एकच चाचनी घेतली, अन् त्याईच्या दोन घेतल्या?"

हे खरं होतं. पण ते लक्ष देत होते. आमचा न्हावी माझ्या तासाला झोपायचा.

सामना डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी ठेवला. त्याच्यापुढे साल संपत होतं, दुसरी तारीख नव्हती. सगळं गाव आलं. सरपंचबाई प्लास्टिकच्या खुर्चीत, इतिवृत्ताची वही मांडीवर. तिचा नवरा एरवी तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिच्या वतीने बोलतो, म्हणून तिने त्याला लांबच्या टोकाला गोलपंच नेमलं आणि हातात दोन पांढरे पंचे दिले. सहा गुण झाले की दोन हलवायचे, एक गुण झाला की एक. या टोकाला पंचे घेऊन मी. मैदानात शिट्टी घेऊन शाळेचे खेळाचे सर, ज्यांनी नियम आदल्या दिवशी वाचले होते. सीमारेषेवर अर्थातच शेतमालक, म्हणजे कप्तानाचा बाप. आणि कडुनिंबाखाली गोलंदाज आपल्या सगळ्या क्रिकेटवाल्यांसह, सामना मोडायची वाट पाहत.

पहिल्या डावात काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे. तांड्याच्या कप्तानाला चेंडू मिळाला. त्याने दीर्घ श्वास घेतला, चेंडू काखेत मारला आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत आमच्या बाजूत घुसला, शिपायाला शिवला, न्हाव्याला शिवला आणि पळत आपल्या अर्ध्यात परत गेला. दोन्ही हात वर. न्हावी आणि शिपाई मुकाट्याने मैदानाबाहेर जाऊन बसले. मी इकडून ओरडले, "चाचणीत काय लिहिलं होतंस?" तो जीभ चावून म्हणाला, "माफ करा बाई, सवय लागेल हाय." पण न्हावी परत यायला तयार होईना. तो म्हणाला, मी आउट झालो, आता तिसऱ्या डावात येतो. त्याला धरून आणावं लागलं.

आमचे लोक नेम चुकवत होते आणि गुण मिळवत होते. पपई लाथेने मारली की कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आमच्या शिपायाने एकदा पुढे मारली ती मागे गेली. मी एक पंचा हलवून हलवून दमले. आमचे गुण वाढत होते आणि मला त्याचा आनंद मानवत नव्हता.

तिसऱ्या डावात चेंडू गर्दीकडे गेला आणि सरांनी शिट्टी वाजवली. "बाहेर!"

तांड्याचा कप्तान म्हणाला, "कुठी बाहेर? लाइन कुठी हाय?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. सीमारेषा नव्हती. गाव दोन तास हरभऱ्यालगत बसलं होतं, घाटे नेमके भरलेले, हिरवे, गोड. बाया गप्पा मारत उपटत होत्या, म्हातारे बोळक्या तोंडाने चघळत होते. अर्ध्याहून अधिक मैदानाची सीमारेषा लोकांच्या पोटात गेली होती. कप्तानाचा बाप डोक्याला हात लावून उभा होता. "अरे लाइन खाता का तुमी? पानी देल्लं मी त्याले!"

एक आजीबाई म्हणाल्या, "मंग चांगलाच हाय नं हरबरा, शिव्या कायले देतं?"

कडुनिंबाखालून गोलंदाज ओरडला, "लाइनच नाई तं म्याच कसली? झाला खेळ! चला घरी!" सर गोंधळले. कप्तान माझ्याकडे पळत आली. "बाई, पुस्तकात काय लिवलं हाय, लाइन खाल्ली तं काय करावं?" पुस्तकात याबद्दल काहीही नव्हतं.

मार्ग काढला सरपंचबाईने. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "ज्यानं जिथला खाल्ला, त्यानं तिथंच उभं राहा." आधी कोणी कबूल होईना. मग तिने सांगितलं, "हात दाखवा." हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती बोटांना चिकटते आणि वर माती बसते. सगळ्यांचे हात काळे. मग एकेक जण आपापल्या खाल्लेल्या जागी जाऊन उभा राहिला. पाहता पाहता अंडाकार पूर्ण झाला: सून, सासू, तलाठ्याकडचा कारकून, दोन्ही वाण्यांची घरं, सगळे हातात सोललेले डहाळे घेऊन एका रांगेत. शाळेचे मुख्याध्यापक पाच पावलं जागेवर एकटे उभे होते. एवढं त्यांनी एकट्याने खाल्लं होतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. यापेक्षा चांगली सीमारेषा मी पाहिलेली नाही. चेंडू बाहेर गेला की ती स्वतःच ओरडायची.

तिसरा डाव संपला तेव्हा तांडा अडतीस, आम्ही बत्तीस. आणि तेवढ्यात तांड्याच्या कप्तानाचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन आईशी बोलला, "हो याडी, निघालोच याडी," आणि तोंड पाडून माझ्याकडे आला.

"बाई, मले जा लागते. घरी हळद लावाची हाय."

"कोणाला?"

"मले."

त्याचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. घरी तो पत्रिका वाटायला जातो असं सांगून आला होता. आता मंडप भरला होता, बाया वाटलेली हळद घेऊन बसल्या होत्या आणि नवरदेव इकडे पपई खेळत होता. त्याच्याबरोबर सख्खा भाऊ, दोन चुलतभाऊ आणि टेम्पो चालवणारा मेव्हणा असे पाच जण निघाले. मी त्याला रागावणार होते, पण त्याने वाकून नमस्कार केला, घामाने निथळत म्हणाला, "तुमी या बरं लग्नाले," आणि टेम्पो धुरळा उडवत गेला.

उरले चार. सर म्हणाले, चार जणांचा संघ होत नाही. सरपंचबाईने वही पाहिली. कप्तान मैदानाच्या मध्यभागी चेंडू घेऊन उभी होती आणि कोणाकडेही बघत नव्हती. एक डाव राहिला होता. एका डावापायी मैदान जाणार, धावणं जाणार, वर्दी जाणार. मी दोन्ही पंच्यांच्या घड्या घातल्या.

गोलंदाज खुशीत पुढे आला. "पुरा सामना म्हनला होता, पुरा! हे तं पाऊनच झाला." मग कप्तानाकडे पाहून म्हणाला, "तसं बी त्याईचे चौघं तुमच्या नवाले भारी हायेत. एक झेल धरता नाई येत तुमाले. मी असतो तं एका हातानं धरला असता."

तांड्याच्या उरलेल्या चौघांत एक बुटका होता. त्याने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मंग येतं का आमच्याकून? का नुसतं तोंडच चालवतं?"

सीमारेषा हसली. सीमारेषेत गोलंदाजाची आईही होती, दक्षिणेकडच्या वळणावर. ती म्हणाली, "जाय नं बे! दोन तासाचा झाडाखाली बसून राह्यला. एका हातानं धरून दाखव आता."

गोलंदाजाने बाह्या सारल्या. चार क्रिकेटवाल्यांना बोटाने बोलावलं. नऊ झाले.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. त्या क्षणी मला ठाऊक होतं की हा मनुष्य मैदानात उतरला की सामना पुरा होणार, आणि सामना पुरा झाला की त्याचे तीन दिवस जाणार. इतिवृत्त मीच लिहिलं होतं. 'बाहेरगावच्या संघाशी' असं त्यात होतं. त्या संघाकडून कोणी खेळावं याबद्दल एक अक्षर नव्हतं. आयुष्यभर मी वर्गात सांगत आले की प्रश्न दोनदा वाचा. त्याने एकदाही वाचला नव्हता. मी सरपंचबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसायला लागली. मी पंचे झटकले आणि गप्प राहिले. चौतीस वर्षांच्या मास्तरकीत मला गप्प राहणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

सर म्हणाले, "बाई, चालते का असं?"

"वाजवा शिट्टी," मी म्हटलं.

आणि गोलंदाज काय खेळला! उंच चेंडू म्हणजे त्याला सीमेवरचा झेलच. तो हवेत उडायचा, पपई छातीशी धरायचा आणि दरवेळी आईकडे बघायचा. त्याने दोन गोल मारले. दुसऱ्याला सरपंचबाईच्या नवऱ्याने दोन्ही पंचे इतके हलवले की एक उडून कडुनिंबावर अडकला. आमच्या मुलीही काही कमी नव्हत्या. टप्पे मारत त्या अशा पळत होत्या की क्रिकेटवाले मागून नुसते धापा टाकायचे. पण नेम! सहा वेळा चुकल्या त्या एका डावात. शेवटच्या मिनिटाला तांडा एकावन्न, आम्ही एकोणपन्नास. कप्तानाने चेंडू झेलला, माझ्या समोर, खांबांपासून वीस पावलांवर. सीमारेषा जागा सोडून पुढे आली होती. कप्तानाने मारला. चेंडू उंच गेला, वळला, आणि उजव्या उंच खांबाला लागून पलीकडे पडला. खांबाला लागला की एकच गुण.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एकच पंचा हलवला. लांबची शिट्टी वाजली. एकावन्न–पन्नास.

चुकीचे वीस गुण मिळाले आम्हाला त्या दिवशी, आणि एका गुणाने हरलो. क्रिकेटवाल्यांनी गोलंदाजाला खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता, "पायलं का? एका हातानं!" त्याची ती मिरवणूक नाचत नाचत सरपंचबाईच्या खुर्चीसमोर आली.

सरपंचबाईने वही उघडली. "बाई, चार डाव झाले का?"

"चार झाले. घड्याळ लावून."

"म्हंजे सामना पुरा."

"पुरा."

तिने सही केली. खांद्यावरचा गोलंदाज क्षणभर तसाच हात वर करून राहिला. मग हळूहळू हात खाली आला. "थांबा, थांबा. म्हंजे मी खेळलो म्हून...?" त्याची आई खो खो हसत खाली बसली. तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमी मले पयले काहून नाई सांगतलं?"

"तू विचारलंस का?"

त्याने खांद्यावरून उडी मारली आणि मैदानाकडे पाहिलं. लोक घराकडे निघाले होते, सीमारेषा विस्कटली होती. आमची माणसं खांब काढत होती, पण कप्तान त्यांच्यात नव्हती. तिने चेंडू न्हाव्याकडे दिला होता आणि एकटीच कडेने पळायला लागली होती. नालीजवळून नव्हे, अगदी मैदानाच्या आतून, एका लयीत, हात कोपरांत दुमडून.

"हे आता काहून पळून राह्यली?" गोलंदाज म्हणाला. "म्याच तं सरली."

"आज रविवार," मी म्हटलं, "मैदान आमचं आहे. तू जरा बाजूला हो, तिला वळण घ्यायचं आहे."

तो बाजूला झाला.